गुरुवारची सही

पुण्यात गुरुवारी वीज जाते हे आम्ही इतकं धरून चाललेलो असायचो, की ऑफिसातल्या कामांची वाटणीसुद्धा त्यावरून ठरायची. कर्वे रस्त्यावर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. एका बँकेच्या शाखांना जोडणाऱ्या लाइनी चालू आहेत की नाहीत, यावर आमचं एक मशीन नजर ठेवायचं. लाइन चालू असली की पडद्यावर शाखेच्या नावापुढे हिरवा ठिपका, पडली की लाल. लाल दिसला की आम्ही फोन फिरवायचो. बँकेने आम्हाला नेमलं होतं ते एवढ्यासाठीच.

गुरुवारी सकाळी मशीन रीतसर बंद करायचं आणि संध्याकाळी वीज आली की सुरू करायचं. सुरू झालं की एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालायची आणि नजर ठेवणारा प्रोग्रॅम उठवायची. शाखांची यादी कुठल्या फाइलमधून घ्यायची, तेही त्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेलं होतं. मग जाड रजिस्टरात वेळ, ‘प्रोग्रॅम सुरू’ आणि सही. मधल्या दिवसांत कुणी काही बदललं, तर त्यानेही नोंद करायची असा नियम होता.

गुरुवारची सही त्याची असायची.

तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, येरवड्याचा, कंत्राटावर घेतलेला. मला ‘सर’ म्हणायचा. ‘अरे, सर काय, नावाने हाक मार,’ असं मी दोन-तीनदा सांगून बघितलं. ‘नको सर, तोंडात बसत नाही,’ म्हणाला. बुद्धपौर्णिमेला त्याने मला घरी बोलावलं. दोन खोल्या, भिंतीला निळा रंग, फळीवर बुद्धाची मूर्ती आणि पुढे मेणबत्त्या. आईने खिरीची वाटी हातात दिली. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी एकच विचारलं, ‘तुमच्यात रजिस्टर असतं का?’

‘असतं की.’

‘मग बरंय. आमच्यात मस्टर होतं. सही असली की माणसावर कुणी बोट ठेवू शकत नाही.’

आई मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली. ‘कायम होईल ना हो आमचा? पावसाळ्यात ठरणार म्हणतो.’

‘होणारच, मावशी. मी आहे ना.’

‘मी आहे ना’ म्हण, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून म्हणालो.

पुढच्याच महिन्यात बँकेच्या काही नव्या शाखा जोडल्या गेल्या. बुधवारी दुपारी मी त्यांची नावं घालून यादीची नवी फाइल केली, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, प्रोग्रॅम बंद केला आणि नव्या फाइलचा पत्ता हाताने देऊन परत सुरू केला. सगळं हिरवं. हाताने सुरू केलं की चालतं, आणि चाललं की आपल्याला वाटतं काम झालं. स्क्रिप्टमध्ये जुन्या फाइलचाच पत्ता राहिला. तो बदलायचा होता, रजिस्टरात नोंद करायची होती, हे सगळं मला माहीत होतं. पण धायरीच्या माझ्या नव्या फ्लॅटसाठी फरशीचे नमुने घेऊन बिल्डरचा माणूस यायचा होता. मी पाचला निघालो.

गुरुवारी त्याने मशीन बंद केलं, संध्याकाळी सुरू केलं. स्क्रिप्टने तिच्यात लिहिलं होतं तेच केलं, म्हणजे जुनी यादी उचलली. त्या यादीत नव्या शाखा नव्हत्याच. होत्या तेवढ्या सगळ्या हिरव्या. त्याने सही केली. मी त्याच्या जागी असतो तर मीही केली असती.

शुक्रवारी सकाळी त्या नव्या शाखांपैकी एकीची लाइन पडली. आमच्या पडद्यावर तिचं नावच नव्हतं, तर लाल काय होणार? पेन्शनचा दिवस होता. म्हातारी माणसं दुपारपर्यंत रांगेत ताटकळली. शेवटी बँकेतूनच फोन आला. फोन साहेबांनी घेतला. त्यांचा चेहरा बघताबघताच मला माझा बुधवार आठवला. सगळा, फरशीच्या नमुन्यांसकट.

साहेबांनी आम्हा चौघांना बोलावलं. पुढ्यात रजिस्टर उघडं.

‘ही सही कुणाची?’

‘माझी, सर,’ तो म्हणाला.

‘सही केलीत, की ऑटोग्राफ दिलात?’

कुणीतरी हसलं. त्याने सांगायचा प्रयत्न केला, की त्याने पडदा बघितला होता आणि सगळं हिरवं होतं. ‘नव्या शाखा मोजल्यात का? मोजता येतं ना आपल्याला?’ साहेबांनी विचारलं. आमच्यातले एक सीनियर माझ्याकडे वाकून हळूच, पण त्याला ऐकू जाईल इतपत म्हणाले, ‘कुठून कुठून आणतात. मग असंच व्हायचं.’ त्या ‘कुठून’चा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला होता. माझं आडनाव त्या खोलीत सोयीचं होतं. मी टेबलाच्या कडेची सुटलेली सनमायका नखाने दाबत बसलो. ‘बुधवारी मी यादीची फाइल बदलली,’ एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला जेवढे श्वास लागले असते, तेवढे मी मोजून घेतले, आणि बैठक संपली.

शनिवारी मी स्क्रिप्ट उघडली आणि पत्ता बदलला. एक ओळ. मशीन बंद करून सुरू केलं, सगळ्या शाखा आल्या. रजिस्टरात लिहिलं, ‘स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती केली’, आणि सही ठोकली. सोमवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बघा. घोळ एकाने घालायचा आणि निस्तरायचा दुसऱ्याने.’ मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी तो किल्ल्या द्यायला माझ्या टेबलाशी आला.

‘सर, एक विचारू? त्या बुधवारी यादीची फाइल कुणी बदलली होती का?’

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. मला वाट करून दिल्यासारखं विचारलं त्याने.

‘नाही बुवा, माहीत नाही,’ मी म्हणालो.

‘बरं,’ तो म्हणाला, आणि गेला.

बैठकीत गप्प बसलो त्याला भीती म्हणता येईल. या उत्तराला दुसरा शब्द नाही. ते खोटं होतं.

त्यानंतर मशीन दोनदा बदललं, ती स्क्रिप्ट मात्र नव्या मशीनवर जात राहिली. मागच्या महिन्यात ते सगळंच मोडीत काढायचं ठरलं. पोरं म्हणाली, ‘सर, भारी आहे तुमची स्क्रिप्ट. इतक्या वर्षांत एकदापण रडली नाही.’ बंद करण्याआधी मी तेव्हा बदललेली ती ओळ वाचली. रविवारी येरवड्याला गेलो.

घर तेच होतं, वर एक मजला चढलेला. आईने मला ओळखायला वेळ घेतला, मग आत घेतलं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. मी बसल्याबसल्या सगळं सांगितलं. स्क्रिप्ट वगैरे त्यांना कळलं नसावं.

‘म्हणजे त्याची चूक नव्हती?’

‘नव्हती, मावशी. माझी होती.’

‘त्यानं सांगितलं होतं हो घरात, माझी चूक नाय म्हणून. पण ह्यांचं एकच. सही तुझी हाय ना? मग तुझीच चूक. जाईपर्यंत हेच म्हणायचे. पोराशी धड बोलले नाहीत.’ मावशी फोटोकडे बघत होत्या. ‘आता तुम्ही आलात.’

त्यांनी फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. ‘मला काय सांगता? त्याला सांगा.’

तो नागपूरला असतो, शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मी बुधवारपासून सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

‘मी त्या शुक्रवारीच बघितलं होतं, सर,’ तो म्हणाला. ‘नव्या फाइलवर तारीख बुधवारची होती. आणि तुमचं नाव.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.’

मग तो म्हणाला, ‘आईकडे द्या फोन.’

त्या फोन कानाला लावून नुसतं ‘हं, हं’ करत राहिल्या. फोन ठेवून उठल्या.

‘चहा देऊन पाठव म्हणतोय,’ त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. मी फोटोसमोर बसून राहिलो. चहा आला. कप रिकामा केल्याशिवाय मला उठता येईना.