मागच्या सीटवर कोणी नसताना

“आवाज बायकाईच्या कानात हाय, वकीलसाहेब. गाडीत काई नाई.”

मिस्त्री गाडी परत द्यायला आला होता आणि फाटकाशी उभा राहून बाबांना हे सांगत होता. मी खिडकीच्या आत होते. बाबा हसले, पण पुरते नाही. तो आवाज त्यांनीही ऐकला होता.

खड्डा आला की मागून, पायाखालून, धप् व्हायचे. जमिनीखालून कोणीतरी मुसळ मारल्यासारखे. छोट्या रेल्वेलाइनच्या फाटकावर तर हमखास. मिस्त्रीने आधी सगळे नटबोल्ट आवळले, मग पुढचे शॉकअप बदलले. प्रत्येक वेळी बाबा त्याच्याबरोबर चक्कर मारून यायचे आणि आवाज गेला म्हणायचे. दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन निघाले की पुन्हा धप्.

ताई घाटापलीकडे बैहरला होती. भाऊजी जंगलखात्यात, महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. पहिले बाळंतपण, म्हणून तिला माहेरी आणायचे होते, आणि सातवा संपत आला होता. आठवा लागला की आई तिला घाटातून आणू देणार नव्हती. बसने आणायला बाबा तयार नव्हते, आणि या गाडीने तर मुळीच नाही. “आवाज काय आहे ते कळल्याशिवाय मी तिला घाटात बसवणार नाही,” असे त्यांनी जेवताना सांगितले. म्हणजे ती तिथेच राहणार. तिने मला लिहिले होते, एवढेच, की इथे संध्याकाळी फार शांत असते.

मला आवाजाबद्दल एक गोष्ट ठाऊक होती. मी नेहमी मागे डावीकडे बसायची, आई माझ्या शेजारी. आई बाजारात उतरली आणि मी एकटी राहिले की धप् अगदी हलके व्हायचे. ती परत बसली की जोरात. बाबा एकटे कोर्टातून येत तेव्हा रेल्वे फाटकावरून गाडी मुकाट यायची, ते मी ओट्यावरून ऐकले होते. आणि मिस्त्रीकडे जाताना मागची सीट नेहमी रिकामी असायची. गॅरेज ही बायकांनी जायची जागा नव्हती. आधी आम्हाला घरी सोडायचे, मग गाडी तिकडे न्यायची, हे कोणी ठरवले नव्हते आणि कधी चुकलेही नव्हते.

हे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. पण वसतिगृहाच्या इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे मराठी वाक्य मी आधी मनात जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत बोलणे पुढे गेलेले असायचे.

त्या रविवारी आम्ही एका लग्नाहून परतलो. आम्हाला सोडून बाबा गॅरेजला जाणार होते. घराच्या फाटकाशी गाडी थांबली. मी उतरले नाही.

“उतर ना,” आई म्हणाली. “काहून बसून राह्यली?”

मी समोर बघत राहिले. आईने माझ्या कपाळाला हात लावला. मी मान हलवली. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिले, मग आईकडे, मग आम्हा दोघींच्या खालच्या सीटकडे.

“बसा,” ते म्हणाले. “दोघीही बसा.”

“मी? त्या गॅरेजात? लोक काय म्हनतील?”

“वजनदार माणूस लागते तिथं.”

आई पुढचा सगळा रस्ता त्यांच्याशी बोलली नाही.

गॅरेजमध्ये आम्हाला पाहून मिस्त्री गडबडला. खुर्च्या पुसायला लागला. बाबा म्हणाले, “त्या उतरणार नाहीत. तू चालव.” तो चालवायला बसला, बाबा त्याच्या शेजारी. रेल्वे फाटकावर आलो आणि धप् झाले. मिस्त्रीने गाडी मागे घेतली आणि पुन्हा रुळांवरून नेली. पुन्हा धप्.

“हे तर मांगचं हाय,” तो म्हणाला. “अन् मी समोर जीव काढून राह्यलो.”

परत येऊन त्याने आम्हाला बसूनच राहायला सांगितले आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. खालून आवाज आला, “बाईसाहेब, जरा डावीकडे सरका.”

आई सरकली.

“अजून.”

“अजून कुठं सरकू? पोरगी चेपून राह्यली.”

खाली मिस्त्री हसला, आणि मग “सापडलं,” म्हणाला. त्याने बाबांना वाकायला लावले. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एकावर एक लोखंडी पाटे असतात, त्यातला एक ते बांधणाऱ्या पट्टीच्या अगदी कडेला तडकला होता. गाडी रिकामी असली की भेग मिटायची, वर चिखल बसलेला. आम्ही बसलो की ती उघडायची, कमान खाली दबायची आणि खड्ड्यात चाकांचा दांडा वर गाडीच्या बुडाला जाऊन आपटायचा. मधे रबराचा ठोकळा असतो. तो झिजून पापडाएवढा उरला होता.

पाटा गोंदियाहून बसने आला. मिस्त्रीने दोन्ही बाजूंच्या कमानी उतरवून साफ केल्या, पाटा बदलला, दोन्हीकडे नवे रबर बसवले, आणि गाडी घेऊन स्वतः घराच्या फाटकाशी आला. आता त्याला मागे माणसे हवीच होती. आई चांगले लुगडे नेसून आली.

रेल्वे फाटक गेले. काही नाही. पुढे नाल्याजवळचा वाईट रस्ता लागला, तिथेही काही नाही. मिस्त्रीने बाबांना विचारलेच नाही. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले.

“काय बाई, आता?”

मी बोटाने मागच्या रस्त्याकडे दाखवले, तेव्हा त्याने गाडी वळवली आणि तेच खड्डे पुन्हा, जरा जोरात घेतले. मी पाय गाडीच्या तळाला टेकवून बसले होते. तिघेही माझ्या बोलण्याची वाट पाहत होते. वाक्य मनात जुळवावे लागले नाही.

“गेला आवाज,” मी म्हणाले. “बाबा, उद्या ताईले घेऊन येऊ.”