दोन्ही बाजूंचा दाब

नवरा-बायको एकाच गॅस कंपनीत असले की घरात भांडायलासुद्धा ऑफिसचाच विषय मिळतो. मी भोपाळच्या कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसणारी, नवरा करोंदच्या पुढच्या स्टेशनवर पाइपलाइनपाशी उभा राहणारा. नागपूरहून बदली होऊन आलो तेव्हापासून तो मला 'खुर्चीवाली' म्हणतो.

त्या जानेवारीत लाइन तुंबली. पाइपात थोडं पाणी राहून गेलं आणि त्यात थंडी पडली, की दाबाखाली गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखा पांढरा बोळा बसतो. त्याला हायड्रेट म्हणतात. शेक देऊन तो काढायला जावं, तर मधे सुटलेल्या गॅसला जायला वाट नसते आणि पाइपच फुटतो. उपाय एकच. बोळ्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखाच, हळूहळू उतरवायचा आणि वाट बघायची. नवरा म्हणतो, साबुदाणा भिजत घातल्यासारखं आहे ते, सारखं झाकण उघडून बघितलं म्हणून लवकर भिजत नाही. पण बोळा आधी कडेनं सुटतो, आतून टणकच राहतो. अशा वेळी एका बाजूला दाब जास्त असला, तर तो बाटलीच्या बुचासारखा दुसऱ्या बाजूला उडतो.

त्या दुपारी लांबच्या टोकाचा गॅस सोडायचा व्हॉल्व्हच गोठला. तिथला माणूस फोनवर सांगत होता, "गरम पानी डाल रहे हैं मॅडम, खुल नहीं रहा." तिकडचा दाब उतरायचा थांबला. नवऱ्याच्या बाजूचा उतरतच होता. दोन्ही आकडे फक्त माझ्या पडद्यावर दिसत होते. त्याच्यासमोर त्याच्या बाजूचा एकच काटा, आणि तो वाचायला स्वारी पाइपला चिकटून उभी असणार, हे मला न बघताही कळत होतं.

वायरलेसमधून नुसती खरखर येत होती. गॅसच्या जागी मोबाइल नेत नाहीत, सगळ्यांचे गेटवरच्या पेटीत असतात. मी नवऱ्याला फोन लावला, तो चौकीदारानं उचलला.

"साहब अंदर हैं, मॅडम."

"उनसे कहिए, व्हॉल्व्ह बंद करके फौरन पाइप से दूर हटें."

"साहब का ही ऑर्डर है, गेट नहीं छोड़ना. पिछली बार बहुत डाँटे थे."

"मैं कह रही हूँ ना, जाइए."

तो गेला. फोन टेबलावर तसाच चालू राहिला. मला वारा ऐकू येत होता, मग मंडीकडे जाणारा एखादा ट्रॅक्टर. आकड्यांमधला फरक वाढत चालला होता. माझ्यासमोर एवढी बटणं, पण त्याच्या पाइपापाशी पोचणारं एकही नाही. मला फार भीती वाटत होती. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही सुचेना.

मग दोन्ही आकडे एकदम हलले आणि एकमेकांना येऊन मिळाले. फोनमधून दूरवरचा धप्प आवाज आला. माझ्या मागे उभे असलेले शिफ्टचे साहेब खुशीत म्हणाले, "खुल गया मॅडम, मुबारक हो."

मी फोन कानाला घट्ट धरून बसले. त्या टेबलापाशी कोणीच येईना. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला.

"याला गेट सोडायला कोणी सांगितलं?"

नवऱ्याचाच आवाज, धापा टाकत, चिडलेला. चौकीदार लांबून आत येताना दिसला, तसा नवरा काटा सोडून त्याला झापायला निघाला होता. निरोप कानावर पडायच्या आतच मागे धडाका झाला. जिथं तो उभा होता, तिथला पाइपचा वाक आधारावरून उखडून बाजूला पडला होता. "आम्ही दोघंही ठीक आहोत," तो म्हणाला, "पण नियम म्हणजे नियम. गेट उघडं टाकून येतो म्हणजे काय? उद्या कोणी आत घुसलं असतं तर?"

तो तावातावानं बोलतच होता, मग दम घ्यायला थांबला.

"बोल," मी म्हटलं. "अजून बोल. फोन ठेवू नकोस."