बहात्तराव्या हिश्श्याचे दाजी

आमच्या दाजींना कुणी काही विचारलं, की ते आधी हातातल्या लाकडावर फुंकर मारत आणि मगच उत्तर देत. फुंकर भुशावर असे, पण विचारणाऱ्याला ती आपल्याच तोंडावर आल्यासारखी वाटे. मी शेतातून येऊन सांगायचो, "दाजी, माळाचं रान पेरून झालं." फू. "बरं." दुसऱ्या दिवशी सांगायचो, "दाजी, तांबडा बैल पाय टेकवीना." फू. "अस्सं?" मान वर व्हायची नाही. बैल त्यांचा, रान त्यांचं, आणि काळजी माझी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. चारठाण्याच्या पटवाऱ्याचं घर. त्यांचे वडील वारल्यावर पटवारगिरी दाजींकडं आली आणि त्यांनी ती गुमास्त्याच्या गळ्यात बांधली. शेती माझ्या गळ्यात आली. जावयाच्या हातून शेत पिकणार नाही हे आमच्या वडिलांनी पहिल्याच दिवाळसणाला ओळखलं होतं. त्यांनी मला राणीसावरगावहून अक्काकडं धाडलं. "दोन सुगी सांभाळ अन् ये," म्हणाले. मी दुसरी मोठी लढाई संपेपर्यंत तिथं होतो आणि नंतरही. दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी जे सांगतो आहे ते ऐकीव नाही, अंगावर काढलेलं आहे.

लग्नानंतर लढाई पेटली तेव्हा दाजी विमान चालवायला म्हणून सिकंदराबादला गेले होते. तिथल्या लष्करी डॉक्टरानं त्यांना रंगीत ठिपके दाखवले. दाजींना हिरवा आणि तांबडा सारखाच दिसला. डॉक्टरानं परत पाठवलं. येताना त्यांनी छावणीजवळच्या एका दुकानातून एक खोका आणला. त्यात हरिकेन नावाच्या लढाऊ विमानाचे लाकडी तुकडे, एक नकाशा आणि चिकटवायचं सामान होतं. तासायचं, घासायचं, जोडायचं, की वीतभर विमान तयार. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. गावात मात्र त्यांनी सांगितलं, "नोकरी मीच नाकारली. त्यांच्याकडं बारकाव्याची कदर नाही." रंग न दिसणाऱ्या माणसानं ही विमानं रंगवली कशी, असं कुणी विचारेल. अक्का पाटावर बसून डब्या दाखवायची, "हा हिरवा, हा मातकट." ते श्रेय तिला कधी मिळालं नाही.

खोके नंतर मिळेनासे झाले, तेव्हा दाजी पांगाऱ्याच्या लाकडावर आले. पांगारा हलका, खेळण्यांना वापरतात तो. पण त्यांच्यापुढं खेळणं हा शब्द काढायची सोय नव्हती. सामान संपलं तसे ते सरसावर आले. सरस म्हणजे जनावराचं कातडं-हाडं उकळून केलेला डिंक. तो त्यांनी एका सकाळी अक्काच्या चुलीवर, तिच्या वरणाच्या पातेल्यात शिजवला. सोवळ्यात स्वयंपाक करणारं घर ते. वास सुटला तशी अक्का धावत आली आणि दारातच थांबली.

"अहो, काय शिजवायलात हे?"

फू. "ढवळायचं थांबवता येत नाही मला. बोलू नको."

अक्कानं ती चूल पुन्हा वापरली नाही. परसात तीन धोंडे मांडले आणि घरात नवी चूल घालेपर्यंत पावसाळाभर पत्र्याखाली बसून भाकरी थापल्या. दाजींना त्या ताटात कुठून आल्या हे कळलं असेल असं मला वाटत नाही.

त्यांचा आवडता शब्द 'तबदीली'. शिक्षण उर्दूतलं, त्यामुळं बदल म्हणायचा झाला की तबदीली. "बनवतं कुणीही," ते म्हणायचे, "खरी परीक्षा तबदीलीत आहे." म्हणजे असं, की झालेलं विमान पुन्हा कापायचं. नाकाखाली वाळवंटातली धूळ गाळायची गाळणी बसवली, की ते वाळवंटातलं हरिकेन झालं. शेपटीखाली आकडा लावला, की जहाजावर उतरणारं झालं. पंखाखाली तोफा आल्या, की रणगाडे फोडणारं झालं. कुठलंही विमान महिनाभर सुखानं एका जागी उभं राहिलं नाही. माणसांत मात्र तबदीलीची त्यांना गरज वाटली नाही, विशेषतः स्वतःत. त्यांची मुलगी कुमुद चालायला लागली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे विमानांची फळी हातभर वर चढवली. "हात लावायचा नाही" हे त्या पोरीनं कानांनी ऐकलेलं बापाचं पहिलं वाक्य असावं.

जिंतूरच्या एका वकिलाचा मुलगा खरीच हरिकेन चालवत होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. हाताला भाजल्यामुळं तो घरी आला, तेव्हा दाजींनी माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं. शांत पोरगा. त्यानं फळीवरचं एक विमान दोन्ही हातांत घेतलं आणि नुसता बघत बसला. दाजींनी त्याची तोंडी परीक्षा सुरू केली.

"तुमच्याला नाकाखाली गाळणी होती?"

"असेल."

"असेल म्हणजे? पंखाखालच्या दिव्याची काच गोल होती की चपटी?"

"अहो, मी आत बसत होतो," तो म्हणाला. "बाहेरून बघायला वेळ कुठं मिळायचा? आवाज तेवढा लक्षात हाय. अजून झोपू देत नाही."

दाजींनी त्याच्या हातातून विमान काढून घेतलं. "आवाजाचा नमुना होत नाही," म्हणाले. तो पोरगा चहा न घेता उठला. वेशीपर्यंत मी सोडायला गेलो. परत आलो तेव्हा दाजी फळी पुसत होते. मला म्हणाले, "उडवता येतं म्हणून विमान कळतं असं नाही, दत्ता." हे ते पुढं ज्याला त्याला ऐकवत. मला ते वाक्य आठवलं की अजून हात शिवशिवतात.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांची दहशत वाढली, गावोगावची माणसं रातोरात वऱ्हाडात निघून जायला लागली. आम्हीही ठरवलं. मी बैल जुंपले. अक्कानं धान्याचं पोतं, देव आणि कुमुदचे कपडे बांधून ठेवले होते. दाजी ट्रंक घेऊन बाहेर आले. ती उचलली तर हलकी लागली, म्हणून उघडली. आत कापसात गुंडाळलेली निवडक विमानं. बाकीची फळीवर ठेवली होती. "सगळी नेणं शक्य नाही," ते असे म्हणाले जणू मीच आग्रह करत होतो. ट्रंकेला जागा व्हावी म्हणून त्यांनी पोतं स्वतः खाली उतरवलं.  अक्कानं पोत्यातली ज्वारी ओच्यात घेता येईल तेवढी घेतली आणि गाडीत बसली.

लोणारकडं जाताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता, येणाऱ्या-जाणाऱ्याचा माल तपासायचा. जमादार म्हातारा, दाढी पांढरी. समोर लिंबाखाली भाले घेतलेली दोन-तीन तरणी पोरं बसली होती. जमादाराला आमची गाडी त्यांच्या नजरेत यायच्या आत पुढं काढायची होती, हे त्याच्या घाईवरून दिसत होतं. त्यानं ट्रंक उघडली आणि एक विमान उचललं.

"ये क्या है जी? बच्ची के खिलौने?"

"हाव जी, खिलौनेच हैं," मी म्हणालो.

"खिलौने नहीं हैं," दाजी म्हणाले.

मी त्यांचा सदरा मागून ओढला. उपयोग झाला नाही. "हरिकेन है. लड़ाई का हवाई जहाज. बहत्तरवाँ हिस्सा. एक सूत का फरक नहीं."

जमादाराचा चेहरा उतरला. "क्या बात करते जी? किसने सिखाया तुमको?"

"मेरे पास नक्शा है," दाजी अभिमानानं म्हणाले, आणि खिशातून घडी काढून त्याच्या हातात दिली.

लिंबाखालची पोरं उठली. लढाऊ विमानाचा नकाशा घेऊन हद्द ओलांडणारा माणूस कोण ठरतो, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दाजी नकाशा नीट उलगडून दाखवत होते. घडीवर बोट पडू नये म्हणून जमादारालाच बजावत होते.

तेवढ्यात अक्का गाडीतून उतरली. कडेवर कुमुद. तिनं ट्रंकेतलं वरचं विमान उचललं, आकडा लावलेलं, ज्याच्यात दाजींचा अख्खा पावसाळा गेला होता. कट्‌कन त्याचा पंख मोडला आणि दोन्ही तुकडे पोरीच्या हातात दिले.

"घे बाई. खेळ. किती रडशील?"

कुमुद रडत नव्हती. आता मात्र तिनं भोकाड पसरलं, कारण हातात काय आलं आहे हे तिला कळलं आणि बाप समोर उभा होता. दाजी पुढं झेपावले. मी त्यांना कमरेला धरून ठेवलं. जमादारानं मोठ्यानं हसून लिंबाकडं हात हलवला, "कुछ नहीं रे, खिलौने हैं!" आणि खालच्या आवाजात म्हणाला, "जाव अम्मा, जल्दी जाव."

हद्द ओलांडून बैल ओढ्यावर सोडले.  मला वाटलं, आता तरी दाजींना लाज वाटली असेल. बायकोचे पाय धरायचे राहिले तरी दोन शब्द बोलतील. ते अक्कासमोर जाऊन उभे राहिले.

"तू डावा मोडलास," ते म्हणाले. "उजवा मोडायचा होता. तो मला नीट जमला नव्हता."

अक्का एकाएकी हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

फौजा आल्या, राज्य पालटलं, आणि आम्ही चारठाण्याला परतलो. घर उघडं पडलं होतं. भांडी नव्हती, धान्याचे कणगे रिकामे, दाराच्या कड्या, पाळण्याच्या साखळ्या, परसातला पत्रा, सरपणसुद्धा नेलेलं. फळीवरची विमानं मात्र ओळीनं तशीच उभी होती. ज्यानं दाराची कडी उपटून नेली त्याला ती उचलण्याच्या लायकीची वाटली नव्हती. दाजी फळीखाली उभे राहिले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बघितलंस दत्ता? हात लावायची कुणाची छाती झाली नाही."

 बाहेर भुरभुर पाऊस होता, कुमुद भुकेली होती आणि अक्का रिकाम्या घरात चुलीपाशी बसली होती. शेजारणीनं वाटीभर पीठ दिलं होतं. पेटवायला काही नव्हतं. "काही वाळलेलं मिळतंय का बघ," ती मला म्हणाली. त्या घरात वाळलेलं लाकूड एकाच ठिकाणी होतं. मी आनंदानं हात वर केला, खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं वाट पाहिल्यासारखा केला, आणि एक विमान शेपटीला धरून खाली घेतलं.

अक्का उठून आली. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि जागेवर ठेवलं, त्याचं तोंड इतरांसारखं दाराकडं करून.

"राहू दे," ती म्हणाली. "घरात एवढंच राहिलंय."

मग मी पावसातून पलीकडच्या आळीत गोवऱ्या मागायला गेलो.