नेटवाले भाऊ, आज दुपारपर्यंत

मंडळी, सावद्यातल्या आमच्या केळीच्या ऑफिसात मला सगळे 'नेटवाले भाऊ' म्हणायचे. आज दुपारपर्यंत.

काल मीच हौसेनं कॉम्प्युटरवर नवीन सिस्टीम टाकली आणि सकाळपासून नेट गोगलगाय झालं. राउटर बंद-चालू केला, वायरही बदलली. काही उपयोग नाही.

धुळ्याहून ऑफिसात नवीनच आलेली वैशाली बघून तिच्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, ड्रायव्हर जुना शे. बदला."

मालक आबा दचकले. "आपला नाना? चांगला ट्रक चालवतो की तो!"

सगळे हसले. तिनं कॉम्प्युटरमधला नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हणजे नेट चालवणारा प्रोग्रॅम, बदलला. पाच मिनिटांत नेट सुसाट, सगळं ठीक. ती म्हणाली, "बठ्ठं बराबर शे!"

आबा खूश. "नेटवाल्या ताईंना चहा सांगा!"

खरं सांगू? ती स्पीड तपासत होती तेव्हा मी मनात म्हणत होतो, देवा, स्पीड नको वाढू देऊ.

स्वतःचंच नेट गोगलगाय राहावं म्हणून देवाला साकडं घातलंय का कुणी?