मल्हारीअण्णांचा माळकरी शिकारी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात. मल्हारीअण्णांनी जंगल सांभाळायला घेतलं. तेही पृथ्वीवरचं नव्हे! फोनवरच्या एका गटात हौशी मंडळी मिळून एक काल्पनिक ग्रह रचत होती. ज्याचं जंगल पटण्याजोगं, त्यालाच ग्रहाच्या नकाशात जागा. अण्णांना ती जागा हवीच होती. नाशिकरोडच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला निदान परग्रहावर तरी ऐसपैस प्लॉट मिळावा, यात गैर ते काय?

जनावरं मात्र त्यांनी झकास घडवली. पाठीवर शेवाळ पिकवून तेच खाणारा ‘मळेकरी’. झाडाच्या सालीत मिसळून जाणारा, सहा पायांचा ‘सालटा’. सगळी गुणी, सगळी शाकाहारी. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. कुणाला कुणाच्या तोंडी द्यायचं तरी कसं?

गट चालवणाऱ्या वेदिकाचा फोन आला. “काका, सुंदर आहे. पण इथे कोणी कोणाला खातच नाही. सालटे वाढतील, झाडं फस्त करतील आणि उपाशी मरतील. एक शिकारी घाला, नाहीतर नकाशात नाही घेता येणार.”

अण्णांचा चेहरा पडला. नवसाबाई, म्हणजे त्यांच्या कारभारीणबाई, ओट्यापाशी फोनच्या स्पीकरवरचं सगळं ऐकत होत्या.

“घाला की मग! घरात झुरळ निघालं की मला हाक मारता. तिकडे कोण येणार मारायला?”

“अगं, पाप लागेल.”

“कागदावरच्या सालट्याचं? चित्रगुप्ताला दुसरी बरीच कामं आहेत हो.”

दोन दिवस अण्णांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पालापाचोळ्यात दबा धरून बसणारा ‘दबक्या’ जन्मला. अट एकच: एकादशीला शिकार बंद, पाणीसुद्धा नाही. ग्रहाला चंद्र दोन, म्हणून एकादश्याही दुप्पट.

वेदिका खूश. “शिकाऱ्याने थांबून थांबून खायचं, म्हणजे सालटे संपायचे नाहीत. काय विचार केलाय, काका!”

“हो, तोच विचार,” अण्णा माळ चाचपत म्हणाले.

नकाशात जागा मिळाली. पुढच्याच एकादशीला अण्णांनी साबुदाण्याच्या खिचडीसाठी दुसऱ्यांदा ताटली पुढे केली.

“तो बिचारा तिकडे निर्जळी करतोय,” नवसाबाई डाव उगारून म्हणाल्या, “आणि तुम्ही?”

“त्याला बजावलंय मी,” अण्णा म्हणाले. “नकाशात राहायचं तर एवढं करावंच लागेल. वरून जरा दही घाल.”