वैशालीत मी बंद केलेली घरघर

१. शनिवारी दुपारी मी दिल्लीजवळच्या वैशालीत प्रायोगिक संगीताच्या एका कार्यक्रमाला गेले.
२. नवव्या मिनिटाला मी स्पीकरची वायर काढली.
३. वायरीत काहीही दोष नव्हता.
४. पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठून निघून गेले.

मयूर विहारहून मेट्रोने निघा, यमुना बँकला गाडी बदला. वैशालीबाहेर रिक्षावाल्याला ‘पुराना कारखाना’ सांगा. तिथल्या नव्या टॉवरचं नाव कोणाला ठाऊक नाही. कार्यक्रम तळमजल्यावरच्या न विकलेल्या दुकानात होता. प्रवेश मोफत, पण आत चहासुद्धा नाही. कोपऱ्यावर छोले-कुलचे खाऊन जा.

“यार, गाणं नाही, तबला नाही, मग ऐकायचं काय?” ऑफिसातली स्वाती म्हणाली.

“तेच बघायला चाललोय.”

शबनम नावाच्या कलाकार बाईने काहीच न सांगता सुरुवात केली. एक खोल, जाड घरघर. पाच मिनिटं मी तिची वारंवारता मोजत होते. मग मोजणं सुटलं. आवाज बरगड्यांत येऊन बसला. ते मला सहन होईना. वीजपुरवठ्याची यंत्रं तपासणं हे माझं काम, आणि अर्थिंग बिघडलं की अशीच घरघर येते. आमच्या लॅबचा नियम आहे: आधी वायर काढा, मग विचारा. प्लग माझ्या खुर्चीशेजारीच होता.

“लाइट गई?” पुढचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले.

“नहीं, अब्बा.” मग शबनम माझ्याकडे वळली. “मैडम, ये खराबी नहीं थी. ये अब्बा के करघे थे.”

याच जागेवर त्यांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवले. त्या खडखडाटाने त्यांच्या कानांतले उंच सूर गेले. म्हणून गिरणी बंद होण्याआधी टिपलेल्या आवाजातला फक्त खोल भाग तिने त्यांच्यासाठी ठेवला होता. तिच्या कार्यक्रमाला ते पहिल्यांदाच आले होते.

“चलो, छुट्टी हो गई,” म्हणत त्यांनी चपला घातल्या. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, थांबले नाहीत.

“आधी विचारायचं तरी, बाई,” परतताना स्वाती म्हणाली.

“लॅबमध्ये विचारत नाहीत.”

“ती लॅब नव्हती.”

घरी आल्यावर लक्षात आलं, मोजणं सुटल्यानंतरची चारेक मिनिटंच माझ्याजवळ उरली आहेत. अब्बांचं ऐकणं तर मी मध्येच तोडलं. दुसऱ्या दिवशी शबनमला फोन केला. अब्बा त्या हॉलमध्ये परत येणार नाहीत, पण घरी ऐकतील, असं ती म्हणाली. घरातल्या छोट्या स्पीकरमधून तो आवाज निघतच नाही.

मयूर विहार किंवा वैशालीत कोणाकडे मोठा सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर, असेल, तर येत्या रविवारी दुपारपुरता हवा आहे. नेणं, जोडणं, परत आणणं माझ्याकडे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खाली उत्तर लिहा.