रकान्यातली रेघ

मार्चमध्ये माझी पत्नी वारली. कारेगावच्या एका फिटरचे नोकरीचे अर्ज तीच लिहून द्यायची. महिन्याभराने तो शिरूरला आमच्या घरी आला आणि कोरा अर्ज माझ्यापुढे ठेवला.

"सर, आता तुम्ही लिवा." मी पहिली ओळ लिहिली. "काकूंचं अक्षर लेव्हलमधी असायचं. तुमचं उताराला लागलंय."

बऱ्याच दिवसांनी मी हसलो. त्याने खिशातून स्टीलची पट्टी काढून ओळीखाली धरली. ही पट्टी तो लग्नाच्या पंगतीतही खिशात बाळगतो.

आयटीआय करून तो बारा वर्षं कंत्राटावर आहे. नवे इंजिनिअर त्याच्याकडून मशीन शिकतात आणि वर्षभरात त्याचेच साहेब होतात. कायमच्या नोकरीच्या अर्जात 'पदवी'चा रकाना असतो. तिथे पत्नी रेघ मारायची. मीही पेन टेकवलं.

"थांबा सर. रेघ बघून कंपनीवाल्यास्नी वाटतं, गडी शिकलाच न्हाई. 'आयटीआय, फिटर' लिवा. दोन वर्सं घासलीत तिथं."

मी लिहिलं. त्याने पट्टी लावून त्याखाली रेघ ओढली आणि मान वाकडी करून ती तपासली.

कंपनीचा नकार आला. तो अजून कंत्राटावरच आहे. पुढच्या अर्जासाठी पट्टी माझ्या टेबलावर ठेवून गेला आहे.